मुलगा अठराचा होतोय, तर आत्तापासून हे करा

ताई, मधुमेह असलेल्या मुलाला लहान मुलांच्या डॉक्टरांकडून मोठ्यांच्या डॉक्टरकडे नेताना धास्ती वाटतेच, पण तयारी खरं तर चौदा-पंधरापासूनच सुरू करायला हवी. आमचं चुकलं ते इथेच. इंदूरला नवीन डॉक्टरांनी विचारलं, रात्रीचं इन्सुलिन किती युनिट, तर लेक माझ्या तोंडाकडे बघत बसला, इतकी वर्षं मीच सांगत आले होते ना! आता तपासणीत अर्धा वेळ तुमच्या मुलाला एकट्याला आत बसू द्या, खरंच, बाहेर बसणं जड जातं पण तो मोकळं बोलतो.

जुन्या डॉक्टरांकडून डोस, एचबीए१सीचे (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचे) आकडे, डोळे-लघवीच्या तपासण्या असं सगळं लिहून घ्या, आणि जुनी शेवटची भेट व्हायच्या आधीच नवीन अपॉइंटमेंट ठरवा, मधे गॅप पडला की मुलं तपासणीच सोडून देतात.

सराफ्यात, म्हणजे इंदूरच्या खाऊगल्लीत, रात्री मित्रांबरोबर जायला अडवू नका हो. जिलबीसाठी इन्सुलिनचा डोस त्याचा त्याला मोजू दे, खिशात ग्लुकोज हवंच, शुगर ७०च्या खाली गेली तर १५ ग्रॅम घ्यायचं, १५ मिनिटांनी परत चेक. आणि निदान एका मित्राला हे माहीत असू दे.