गावात खोली घे

चि.,

पत्र वाचलं. ‘पट घसरतोय, संचमान्यतेत (पटसंख्येवरून शिक्षकांची पदं ठरतात त्यात) मी अतिरिक्त ठरणार, मग एवढा जीव कशाला काढू?’ शिक्षणसेवकाचं 18,000 मानधन आणि वर हा घोर, कळतं मला. पण आधी सांग, तू राहतेस कुठे? तालुक्याला. मग गावातली पोरं तालुक्याच्या इंग्रजी शाळेत गेली तर रडतेस कशाला? बाईच मुक्कामाला थांबत नाहीत, ती शाळा गावानं आपली का मानावी?

गावात राहा.

भाऊराव पाटलांनी 1919 साली कराडजवळच्या काले इथे रयत शिक्षण संस्था सुरू केली. पुढे वसतिगृहाच्या चुलीला मुष्टिफंडाचा आधार झाला, घरोघरचं मूठ मूठ धान्य. दारात गेल्याशिवाय मूठ मिळत नाही, आणि मूठ देणाऱ्या बाईला ती शाळा परकी वाटत नाही. आता अनुदान येतं, पगार खात्यात पडतो. दार वाजवायचं कारणच उरलं नाही.

आमच्याकडे नववीच्या मुली दिवाळीनंतर गळायच्या. स्टाफरूममध्ये निदान ठरलेलं: पालकांना शिक्षणाची किंमत नाही. एका संध्याकाळी मी त्यातल्या एकीच्या घरी गेलो. आई भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, “सर, शाळा सुटती पाचला, यष्टी जाती पावणेपाचला. पोरगी अंधाराची चालत आणू व्हय?” पास फुकट होता, गाडीच नव्हती! सरपंचांना घेऊन आगारात खेटे घातले, वेळ बदलून घेतली. पालकसभेत हे कुणी बोललं नव्हतं. सुटल्याबरोबर मोटरसायकलला किक मारणाऱ्या मास्तरला तर जन्मात कळलं नसतं.

म्हणून सांगतो, गावात राहा. ‘तुमच्या हट्टापायी पोरांचं नुकसान झालं,’ असं आमच्या घरात अजून ऐकवतात. माझी मुलं माझ्याच शाळेत शिकली. धाकटा जेवताना हमखास विषय काढतो. काढू दे. स्वतःची शहरात ठेवून दुसऱ्याच्या दारात ‘तुमची आमच्याकडे घाला’ म्हणायला माझी जीभ रेटली नसती.

एकटी कशी राहू, म्हणशील. अंगणवाडीच्या बाईंच्या शेजारी खोली बघ, त्यांना घर न् घर ठाऊक असतं. आणि भाडं ठरवायच्या आधी नळाला पाणी कधी येतं ते विचार.