‘ऑक्टोबर’ या मूकपटातील हिवाळी राजवाड्यावरचा हल्ला खरा मानावा का?

मानू नये. सर्गेई आयझेनस्टाइन यांचा हा मूकपट १९१७ च्या रशियन क्रांतीच्या दहाव्या वर्धापनदिनानिमित्त सरकारनेच करवून घेतला होता, आणि त्यात हंगामी सरकारचे ठाणे असलेल्या या राजवाड्यावर लोटणारा प्रचंड जमाव त्या रात्री प्रत्यक्षात झालेल्या तुरळक प्रतिकाराशी मुळीच जुळत नाही. क्रांतीचे एक प्रमुख नेते ट्रॉट्स्की पुढे सत्तेबाहेर फेकले गेल्यामुळे त्यांची बहुतेक दृश्येही कापली गेली. लेनिन यांची भूमिका तर एका कामगाराने केवळ चेहरेपट्टीतील साम्यावर केली. तरीही उघडत जाणाऱ्या पुलावरून लोंबकळणारा मेलेला पांढरा घोडा किंवा हंगामी सरकारचे प्रमुख केरेन्स्की यांच्या दृश्याला जोडलेला, पिसारा फुलवणारा यांत्रिक मोर पाहिला, की संकलनाच्या कात्रीतून केलेले राजकीय भाष्य किती बोचरे असू शकते, हे कळते. माझ्या मते चित्रपटाचे बळ तिथेच आहे.