पहिल्याच आठवड्यात भाकरी सोडू नका

ताई, वजन उतरवायचं म्हणून पहाटे रंकाळ्यावर चालायला लागलात, फार बरं वाटलं. पण भाकरी, भात, साखर सगळं एकदम बंद? ते नको.

1944-45 साली अमेरिकेतल्या मिनेसोटात अँसेल कीज या संशोधकांनी 36 धडधाकट तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं. पोरांच्या डोक्यात दिवसभर जेवणच. पाककृतींची पुस्तकं चाळत बसायची, ताटं चाटायची. मनाने कच्ची नव्हती ती, भुकेली होती. रात्री अकराला तुमचा हात चिवड्याच्या डब्यात जातो तो त्याच भुकेने.

सुरुवातीला हमखास होणाऱ्या चुका:

- मिसळ खाल्ली, म्हणजे डाएट मोडलंच, म्हणून रात्रीपर्यंत खात सुटणं. 1975 च्या एका प्रयोगात खाण्यावर ताबा ठेवणाऱ्यांना आधी मिल्कशेक दिला, तर नंतर त्यांनी आईस्क्रीम उलट जास्तच खाल्लं. मिसळीनंतरचं जेवण नेहमीसारखंच जेवा.
- रोज काट्यावर उभं राहणं.
- "जाडे" म्हटल्याने जिद्द येईल असं समजणं. टोमण्यांनी माणूस जास्त खातो आणि व्यायामाला जायला लाजतो. घरात हे स्पष्ट सांगा, सासूबाईंनासुद्धा. कपाटातला तो दोन साईज लहान ड्रेसही देऊन टाका, रोज तोच टोचतो.

कॅलरी मोजणं सध्या राहू दे. शुगर किंवा थायरॉईडच्या गोळ्या चालू असतील तर आहार बदलण्याआधी डॉक्टरांना विचारा.