‘अवशेष’ नको, ‘जागा’ म्हणा

प्रश्न असा आहे : इंग्लंडच्या जुन्या नकाशावर शेताच्या मधोमध ‘साइट ऑफ चॅपेल अँड बरिअल ग्राउंड’ असे छापले आहे. त्याचे ‘मध्ययुगीन प्रार्थनास्थळाचे अवशेष व स्मशानभूमी’ असे भाषांतर चालेल का?

माझ्या मते चालणार नाही. ‘अवशेष’ म्हटले की वाचक पडक्या भिंती, निदान जोते तरी शोधू लागतो. इथे जमिनीवर काहीच उरलेले नाही. ‘जागा’ हा साधा शब्दच नेमका बसतो. ‘पूर्वी गढी होती ती जागा’ असे आपण बोलतोच.

‘प्रार्थनास्थळ’ सैल आहे. चॅपेल मुख्य चर्चहून आकारानेच नव्हे, मानानेही धाकटे. गोव्यात हा भेद बोलण्यातच आहे : गावाची इगर्ज वेगळी आणि वाड्यावरचे कपेल वेगळे. दोन्ही शब्द पोर्तुगीजांकडून आले. मजकूर गोव्याचा असता तर मी ‘कपेल’च लिहिले असते, इंग्लंडसाठी ‘चॅपेल’ ठेवावे.

खरे वजन आहे ते दफनभूमीत. मध्ययुगीन इंग्लंडात प्रत्येक चॅपेलला प्रेत पुरण्याचा अधिकार नसे. दफनाबरोबर दक्षिणा येई आणि मूळ चर्च ती सहजी सोडत नसे. राजा एडगरच्या (९५९–९७५) कायद्यात हा फरक स्पष्ट आहे : सरदाराच्या सनदी जमिनीवर दफनभूमी असलेले चर्च असेल, तर त्याने आपल्या दशांशाचा (उत्पन्नातून चर्चला द्यायच्या दहाव्या भागाचा) तिसरा हिस्सा त्या चर्चला द्यावा, दफनभूमी नसेल, तर तिथल्या धर्मगुरूला उरलेल्या नऊ भागांतून काय ते द्यावे. म्हणजे ‘व दफनभूमी’ हे शेपूट नाही, त्यावरून त्या चॅपेलची पायरी कळते.

असे एक ठिकाण बारकाईने खणले गेले आहे. नॉर्दॅम्प्टनशायरमधल्या राउंड्स गावी फर्नेल्स नावाच्या जागेवर १९७७ ते १९८४ या काळात उत्खनन झाले. दहाव्या शतकातले इवलेसे दगडी चर्च, भोवती साडेतीनशेहून अधिक दफने. पुढे त्याच जागी थोडे मोठे चर्च झाले आणि कालांतराने तेही जमीनदाराच्या वाड्यात जिरले. तान्ह्या मुलांची दफने भिंतीला अगदी लागून, वळचणीखाली मिळाली. देवघराच्या छपरावरून ओघळणारे पाणी त्या जिवांना पावन करते अशी श्रद्धा असावी, असा अभ्यासकांचा कयास आहे. या दफनांना इंग्रजीत जोडशब्द आहे, पण ‘वळचण’ आणि ‘पागोळ्या’ हाताशी असताना मराठीला अडायचे कारण नाही. ‘पागोळ्यांखालची दफने’ म्हणा, कौलारू घरात वाढलेल्या माणसाला जागा बोटाने दाखवता येईल. ‘थडगी’ मात्र म्हणू नये; थडगे म्हटले की वर बांधकाम आले.

‘स्मशानभूमी’ने बहुतेकांच्या डोळ्यांसमोर सरण उभे राहते आणि ‘कब्रस्तान’ मराठीत मुसलमानांशी जोडले गेले आहे. ‘दफनभूमी’ला असा कुठलाच अडसर नाही.

चॅपेलभोवतीचे गावही उठून गेले असेल, तर ‘ओसाड गाव’ लिहावे. महसुली दप्तरातला ‘बेचिराग’ (जिथे दिवा लागत नाही ते) मला फार आवडतो, पण त्याचे ‘बेचिराख’ झाल्यापासून त्यात जाळपोळीची राख मिसळली आहे. आणि इंग्लंडमधली बरीच गावे जाळपोळीने नव्हे, शेते मोडून मेंढ्यांची कुरणे केल्याने उठली.

तेव्हा नकाशावर लिहावे : ‘दफनभूमीसह चॅपेलची जागा, मध्ययुगीन’.