पैसे कोण कोणाला देतं, ते आधी पाहा

(बार्शीच्या एका आईचं पत्र आलंय. नाव छापू नका असं त्यांनी कळवलंय. थोडक्यात मजकूर असा: "मी घरी शिवणकाम करते, मिस्टर आडत दुकानात दिवाणजी आहेत. मुलगी बारावी कॉमर्सला आहे, १७ पूर्ण. उंची ५ फूट ९ इंच, व्हॉलीबॉल खेळते, रंगाने सावळी. तिला मॉडेलिंग करायचंय. इन्स्टाग्रामवर तिचे फोटो पाहून मुंबईच्या एका को-ऑर्डिनेटरने 'सिलेक्शन झालं' म्हणून कळवलं. पोर्टफोलिओ, ग्रूमिंग आणि रजिस्ट्रेशनचे मिळून ४५,००० मागतोय. ५,००० टोकन आम्ही भरलं. आता स्विमसूटमधले फोटो व्हॉट्सॲपवर पाठवा म्हणतो. मिस्टरांचं म्हणणं, हे आपल्यासारख्यांचं काम नाही. नातेवाईक म्हणतात, या रंगाला कोण घेणार? तिला पाठवू की नको?")

ताई, नमस्कार.

आधी त्या फोटोंचं बोलू. ते पाठवू नका. मुलगी अजून १८ ची नाही, आणि अल्पवयीन मुलीकडे असले फोटो मागणाऱ्यावर पॉक्सो कायद्याखाली कारवाई होऊ शकते. त्याचा एकही मेसेज पुसू नका. सगळ्याचे स्क्रीनशॉट घ्या, पैसे भरल्याची पावती जपून ठेवा आणि मिस्टरांना बरोबर घेऊन पोलीस ठाण्यात जा. टोकन ऑनलाइन भरलं असेल तर सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर आजच फोन करा, उशीर झाला की पैसे अडवणं अवघड जातं. उरलेले ४०,००० भरायचा तर प्रश्नच नाही. आणि हो, मुलीवर चिडू नका. तिने हे तुमच्यापासून लपवलं नाही. उद्या परमुलखात काही खटकलं तर तिचा पहिला फोन तुम्हालाच आला पाहिजे, आणि तो येईल की नाही हे तुम्ही आज तिच्याशी कसं बोलता त्यावर ठरेल.

आता मूळ प्रश्न. मुलीला या क्षेत्रात जागा आहे का? तुम्ही लिहिलंय त्यावरून, प्रयत्न करून पाहण्यासारखी नक्कीच आहे. पण त्याआधी या धंद्यात पैसा कसा फिरतो ते समजून घ्या. एवढं एक कळलं की निम्मे फसवणारे तुम्हाला लांबूनच ओळखू येतील.

कपड्याचा ब्रँड किंवा डिझायनर हा गिऱ्हाईक. त्याला मॉडेल हवी असते. तो एजन्सीला सांगतो, एजन्सी मुली दाखवते, तो निवडतो, काम होतं, तो पैसे देतो. त्यातून एजन्सी आपलं कमिशन कापते, साधारण २० ते ३० टक्के, आणि उरलेले मॉडेलला देते. म्हणजे मुलीला काम मिळालं तरच एजन्सीची कमाई. म्हणून चांगली एजन्सी मुली घेताना फार चिकित्सा करते आणि दहा जणींना नाही म्हणते. जो माणूस तुमच्याकडूनच ४५,००० घेतो, त्याची कमाई तिथेच झाली. पुढे तुमच्या मुलीला काम मिळो न मिळो, त्याला फरक पडत नाही. त्याच्याकडे सगळ्यांचंच 'सिलेक्शन' होतं ते यामुळे.

माझ्याकडे काही वर्षांपूर्वी लातूरकडची एक मुलगी आली होती. पोर्टफोलिओवर ६०,००० घालून बसलेली. जाड आल्बम, चकचकीत कागद, प्रत्येक फोटोत वेगळा मेकअप, कुठे पंख्याच्या वाऱ्यावर उडणारे केस, कुठे भाड्याचा लेहंगा. आम्ही तो घेऊन अंधेरीला एका एजन्सीत गेलो. तिथल्या बाईंनी चार पानं उलटली, आल्बम मिटला आणि अगदी प्रेमाने म्हणाल्या, "बेटा, यात तू कुठे आहेस? उद्या केस धुऊन, साध्या टीशर्टमध्ये ये." दुसऱ्या दिवशी त्यांनी खिडकीशेजारच्या भिंतीपुढे उभं करून स्वतःच्या फोनवर पाच फोटो काढले. पाहायला त्यांना तेवढेच हवे होते. ते ६०,००० त्या मुलीच्या वडिलांनी सोसायटीतून उचलले होते, ते आठवलं की आजही माझा जीव तुटतो.

या साध्या फोटोंना 'डिजिटल्स' म्हणतात, जुनी माणसं अजून 'पोलरॉइड' म्हणतात. ते तुम्ही घरीच काढा. सकाळी दहाच्या सुमारास, ओसरीत, जिथे ऊन थेट येत नाही पण उजेड भरपूर आहे अशा जागी पांढऱ्या भिंतीपुढे तिला उभं करा. तोंडाला पावडरसुद्धा नको, कानात काही नको, केस मागे बांधलेले. एक चेहऱ्याचा, एक खांद्यापर्यंतचा, मग समोरून, बाजूने आणि पाठीमागून पूर्ण उंचीचे. एखादा हसरा. फोन तुमच्या कमरेच्या उंचीवर धरा, वरून धरलात तर तिचे पाय आखूड दिसतील. फिल्टर अजिबात नको. बरोबर मापं लिहायची: अनवाणी उंची, छाती, कंबर, नितंब, बुटाचा नंबर. मापं तर तुमच्याइतकी नीट कोण घेणार! फक्त एक इंचही इकडचा तिकडे करू नका. फिटिंगच्या दिवशी खोटं माप उघडं पडतं आणि ती एजन्सी पुन्हा बोलवत नाही.

उंचीचा एवढा आग्रह का, हे तुम्ही शिवणकाम करता म्हणून तुम्हाला चटकन कळेल. डिझायनर शोसाठी कपडे शिवतो तेव्हा ते कोण घालणार हे ठरलेलं नसतं. तो सगळे नमुने एकाच मापात शिवतो आणि मग त्या मापाच्या मुली शोधतो. तुमच्याकडे ब्लाउज गिऱ्हाइकाच्या अंगाप्रमाणे होतो, तिथे अंग कपड्याप्रमाणे शोधतात. म्हणून रॅम्पसाठी मुलींना साधारण ५ फूट ८ इंचांच्या पुढची उंची लागते, मुलांना ६ फुटांच्या आसपास. तुमची मुलगी त्यात बसते. पण रॅम्प म्हणजे या धंद्यातला छोटासा तुकडा. लॅक्मे फॅशन वीकसारखे मोठे शो वर्षातून मोजकेच दिवस असतात. पोट भरतं ते कॅटलॉगवर, म्हणजे ऑनलाइन विकल्या जाणाऱ्या कपड्यांच्या फोटोंवर. मिंत्रा या कपड्यांच्या ऑनलाइन दुकानाचं मुख्यालय बंगळूरला आहे, त्यामुळे तिकडे काम भरपूर. साड्यांच्या कॅटलॉगसाठी सुरतेला पाठवतात. मुंबईत आहेच.

असा एक दिवस मी जवळून पाहिलाय. सकाळी सातला मेकअपच्या खुर्चीत, नऊला पहिला कपडा. संध्याकाळपर्यंत ३५ ते ४० कपडे बदलायचे. समोरून अगदी बेतशीर बसलेला कुर्ता, पण पाठीमागे बघावं तर मानेपासून कमरेपर्यंत चिमट्यांची रांग. सँडल एक नंबर लहान, तळव्याला चिकटपट्टी लावलेली, कारण तो जोड न मळता परत जायचा असतो. दुपारी तीननंतर बहुतेक मुलींचे खांदे उतरतात. चाळिसाव्या कपड्यालाही जिचे खांदे पहिल्यासारखे, तिला पुन्हा बोलावणं येतं. व्हॉलीबॉल खेळणाऱ्या मुलीकडे हा दम असतो, म्हणून तिचा खेळ बंद करू नका. मधू सप्रे आठवते ना? नागपूरची, मैदानावर वाढलेली. १९९२ साली मिस युनिव्हर्समध्ये दुसरी उपविजेती झाली, आणि देशाची सूत्रं हातात आली तर काय करशील, या प्रश्नावरही तिला खेळाची मैदानंच सुचली होती.

रंगाबद्दल खरं तेच सांगते. आपल्याकडच्या जाहिरातींत गोऱ्या रंगाचा सोस अजून पुरता गेलेला नाही. एका मोठ्या क्रीमच्या नावातून 'फेअर' हा शब्द निघायला २०२० साल उजाडलं. काही ठिकाणी तुमच्या मुलीला नकार येईल आणि कारण कोणी तोंडावर सांगणार नाही. पण रॅम्पवर आणि परदेशी सावळ्या रंगाची मागणी जुनी आहे. आपली मुंबईची उज्ज्वला राऊत १९९६ मध्ये 'फेमिना लुक ऑफ द इयर' झाली, फ्रान्समध्ये नीसला एलीट या मॉडेलिंग एजन्सीच्या जागतिक स्पर्धेत पहिल्या पंधरात आली आणि पुढे पॅरिस, न्यूयॉर्कचे मोठमोठे रॅम्प चालली. तिचे वडील पोलीस खात्यात होते, घर साधं मराठी. 'आपल्यासारख्यांचं काम नाही' म्हणणाऱ्या मिस्टरांना हे जरूर सांगा. आणि कुणी रंग उजळण्याची इंजेक्शनं सुचवली तर त्या माणसाला पुन्हा दारात उभं करू नका.

एका गोष्टीवर मात्र तुम्ही आई म्हणून डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवा. ते म्हणजे तिचं जेवण. २००६ मध्ये ॲना कॅरोलिना रेस्टन ही ब्राझीलची २१ वर्षांची मॉडेल न खाण्याच्या आजाराने गेली. त्यानंतर अनेक देशांत ओरड झाली. इस्रायलने कायदा केला, २०१७ पासून फ्रान्समध्ये मॉडेलला डॉक्टरी दाखला लागतो. आपल्याकडे असं बंधन नाही, त्यामुळे ते बंधन घरातच घालावं लागेल. ती ताटात भाकरी ठेवून उठायला लागली, पाळी चुकू लागली, केस जास्त गळायला लागले, तर काम थांबवा आणि डॉक्टरांकडे न्या. कुठल्याही एजन्सीने 'दोन इंच कमी कर' म्हटलं तर ते आहारतज्ज्ञाला विचारून, नाहीतर नाही.

कधी पाठवायचं? १८ पूर्ण झाल्यावर. त्याआधी तिने केलेल्या सहीला करार म्हणून काही अर्थ नाही, आणि तिच्या वतीने तुम्ही घाईने सही करावी असं मला वाटत नाही. फेब्रुवारीत बोर्डाची परीक्षा होऊ द्या. पुढे बी.कॉम.साठी मुंबईत किंवा पुण्यात प्रवेश घ्या आणि मुलींच्या वसतिगृहात राहू द्या. मॉडेलिंगसाठी कॉलेज सोडायचं नाही, या अटीवर मी अडून बसेन. या कामात मुलींची चलती साधारण विशी-पंचविशीची, आणि पहिल्या वर्षात महिन्याला दोन कामं मिळाली तरी बरं चाललंय म्हणायचं. दोन वर्षं मुदत द्या. एवढ्या काळात नीट एजन्सीने घेतलं नाही, किंवा घेऊनही कामं आली नाहीत, तर पदवीचं शिक्षण तरी चालू असेल. शिवाय या क्षेत्रात स्टायलिंग आहे, कास्टिंग आहे, शो उभे करण्याचं काम आहे. कपड्याची जाण असलेल्या घरातल्या मुलीला ती दारंही उघडी आहेत.

एजन्सीचा कागद पुढे आला की तिथल्या तिथे सही नको. घरी आणा, वकिलाला दाखवा. करार किती वर्षांचा, कमिशन किती, मध्येच सोडायचं तर काय, आणि एजन्सीने केलेला खर्च नंतर मुलीच्या पैशातून कापणार का, हे नीट वाचा. फोटो कुठे आणि किती काळ वापरणार तेही लिहून घ्या. ऑनलाइन दुकानापुरता सहा महिने वापरायचा फोटो आणि देशभर होर्डिंगवर दोन वर्षं झळकणारा फोटो, यांचे पैसे वेगळे. अलीकडे आणखी एक कलम पाहावं लागतं: तिचा चेहरा एआयमध्ये घालून नवे फोटो तयार करण्याची परवानगी. एचअँडएम या परदेशी कपड्यांच्या कंपनीने २०२५ मध्ये खऱ्या मॉडेल्सच्या डिजिटल प्रतिकृती करायला घेतल्या, आणि न्यूयॉर्क राज्यात त्याच वर्षापासून यासाठी मॉडेलची वेगळी लेखी संमती कायद्याने लागते. आपल्या करारात ही परवानगी गुळगुळीत शब्दांत लपलेली असेल तर ती खोडायला लावा.

पैसे हातात यायला दोन-तीन महिने लागतात, कधी जास्तच. तोवरचं भाडं आणि डबा घरूनच पाठवावा लागेल, त्याची तयारी असू द्या. तिच्या नावाने पॅन कार्ड आणि स्वतःचं बँक खातं काढा. मानधनातून सहसा १० टक्के टीडीएस कापून येतो, रिटर्न भरलं की तो परत मिळू शकतो. बऱ्याच मुली ते भरतच नाहीत आणि हक्काचे पैसे सोडून देतात.

पहिलं वर्षभर ऑडिशनला जाताना मैत्रीण किंवा घरचं कुणी बरोबर असावं. वर्सोव्याच्या आराम नगरात जाहिरातींच्या ऑडिशन चालतात, तिथे रांगेत आईबाप बसलेले मी नेहमी पाहते, त्यात कमीपणा काही नाही. हॉटेलच्या खोलीत किंवा रात्री घरी बोलावलेलं ऑडिशन घ्यायचं नाही. कामाच्या जागी कुणी त्रास दिला आणि ती फर्म दहा माणसांपेक्षा लहान असली, तरी कामाच्या जागच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याने प्रत्येक जिल्ह्यात स्थानिक समिती असते, तिथे तक्रार करता येते. हे मुलीला पाठ असू द्या.

मिस्टरांचा विरोध हा मला काळजीचा वाटतो, हट्टाचा नाही. त्या को-ऑर्डिनेटरचं प्रकरण पाहता ती काळजी खरीच होती. त्यांना बरोबर घ्या. पहिल्या एजन्सीत मुलीबरोबर तेच गेले तर फार बरं. हिशेबाचा माणूस आहे, 'पैसे कोण कोणाला देतं' हा प्रश्न ते तुमच्या-माझ्यापेक्षा चांगला विचारतील.

परीक्षा संपेपर्यंत तुमच्याकडे एक काम आहे. तिच्या मापाचा एक काळा टॉप शिवून ठेवा. अंगाबरोबरचा, बिनबाह्यांचा, साध्या गळ्याचा. लेस, बटण, पायपिन काही नको. डिजिटल्स त्याच टॉपमध्ये काढायचे आहेत.