वाचकांचे प्रश्न : झ्वोनिमिर की झ्वोनिमिरा?

प्रश्न : क्रोएशियाच्या फुटबॉलवर वाचताना १९९८च्या विश्वचषकातल्या कर्णधाराचं नाव कुठे झ्वोनिमिर, कुठे झ्वोनिमिरा, तर कुठे झ्वोने असं दिसतं. खरं कोणतं? आणि नाव किती जुनं?

उत्तर : मूळ नाव झ्वोनिमिर बोबान. 'झ्वोने' हे लाडकं रूप. 'झ्वोनिमिरा' ही विभक्ती आहे. मराठीसारखाच तिथेही प्रत्यय नावालाच चिकटतो. घोळ होतो तो झ्वोनिमिरा हे बाईचंही नाव असल्यामुळे. अशा वेळी आडनाव पाहावं. 'झ्वोनिमिरा बोबाना' असं दोन्हीकडे 'आ' असेल तर पुरुष. आडनाव नुसतं 'बोबान' असेल तर बाई. त्याच संघात झ्वोनिमिर सोल्दोही होता, तेव्हा नुसत्या पहिल्या नावावर विसंबू नये. झ्वोन्को हेही याचंच छोटं रूप, पण अनेकांचं पाळण्यातलं नावच झ्वोन्को असतं. प्रत्येक झ्वोन्कोचा झ्वोनिमिर करू नका.

नाव अकराव्या शतकाइतकं तरी जुनं आहे. पोप सातव्या ग्रेगरीच्या दूताने १०७५मध्ये सोलिन इथे राजा झ्वोनिमिरला मुकुट घातला. ग्रंथांत तो 'द्मितार झ्वोनिमिर' म्हणून येतो. हे दोन राजे नव्हेत. या नावाचा सर्वांत मोलाचा पुरावा म्हणजे बाश्का गावाजवळचा शिलालेख. सन ११००च्या सुमाराचा, ग्लागोलिती या जुन्या स्लाव्ह लिपीतला, सुमारे दोन मीटर रुंद, एक मीटर उंच आणि ८०० किलो वजनाचा दगड. सेंट लूसीच्या मठाला राजाने जमीन दिल्याची नोंद त्यावर आहे आणि 'क्रोएशियाचा राजा झ्वोनिमिर' हे शब्द क्रोएशियनमध्येच कोरले आहेत. हा लेख पाहायला निघालात तर एवढं ध्यानात असू द्या : क्रक बेटावर युरांद्वोरच्या चर्चमध्ये आहे ती प्रतिकृती. मूळ दगड १९३४पासून झाग्रेबच्या विज्ञान-कला अकादमीत आहे.

खेळाबाहेरचा एक झ्वोनिमिर मात्र विसरू नये : ब्येलोवारला जन्मलेले गणिती झ्वोनिमिर यांको (१९३२–२०२२). १९६५मध्ये त्यांनी १,७५,५६० घटकांचा 'जे-१' हा गट (ठराविक नियमांनी जोडलेल्या घटकांची गणिती रचना) मांडला. साधा गट म्हणजे आणखी लहान गटांत न फोडता येणारा, आणि विरळ म्हणजे कोणत्याही ठरलेल्या मालिकेत न बसणारा. एकोणिसाव्या शतकातल्या माथ्यू या गणितज्ञाच्या गटांनंतर जवळजवळ शतकभराने सापडलेला हा पहिला विरळ साधा गट, आणि त्यानंतर अशा गटांच्या शोधाला नव्याने वेग आला.

लिहिताना 'झेब्रा'तला झ घ्यावा आणि उच्चारताना जोर 'झ्वो'वर द्यावा.