हातातल्या वस्तूआधी अंगावरचा पोशाख पाहा

तुमच्या ओरातोरमधल्या (घरातल्या ख्रिस्ती देव्हाऱ्यातल्या) जुन्या लाकडी मूर्तीच्या डाव्या हातावर बाळ येशू आहे आणि उजवा हात मनगटापासून गेलाय. ती कोणाची, हा तुमचा प्रश्न. घरचे म्हणतात सां जुझे (येशूचा पालक पिता संत जोसेफ), शेजारी म्हणतात सांत आंतोन (फ्रान्सिस्कन साधू संत अँथनी). मुळात हातात लिलीची फुलं होती असं दोघांनाही आठवतं, पण त्यावरून निकाल लागणार नाही. लिली दोघांकडेही असते आणि बाळही दोघांकडे असतं.

हात बऱ्याचदा वेगळा कोरून खुंटीने बसवतात, आणि हातातली काठी, फूल, क्रूस तर सुटेच असतात. ते पडतात, हरवतात, दुसऱ्याच मूर्तीला लागतात. म्हणून आधी डोकं, मग कंबर, मग पाय, आणि हात सगळ्यात शेवटी.

दाढी असेल तर बहुतेक सां जुझे. दाढी नाही, टाळू तासलेली आणि भोवती केसांचं कडं असेल तर आंतोन. माथ्यावरचं भोक प्रभावळीचं असतं, ते कुठल्याही संताला असतं, त्याला महत्त्व देऊ नका. कमरेला पट्टा नसून दोर असेल आणि लोंबत्या टोकाला तीन गाठी असतील तर तो फ्रान्सिस्कन झगा, म्हणजे जुझे नक्कीच नव्हे. पाय अनवाणी किंवा चपलांतले असतील तर आंतोनच्या बाजूने एक खूण वाढली. पोर्तुगीज परंपरेत जुझे कधीकधी चक्क बुटांत दिसतो.

आता बाळाखाली बघा. आंतोनचं बाळ बहुधा पुस्तकावर बसलेलं किंवा उभं असतं. बाळ हरवलं तरी पुस्तकाच्या वरच्या बाजूला खुंटीचं बारीक भोक राहतं, आणि ते मिळालं की शंका उरत नाही. जुझेचं बाळ हातावर किंवा कापडावर असतं. रंगावर मात्र विसंबू नका. दुरुस्तीत तपकिरी झग्याला निळा किंवा काळा रंग फासलेला सर्रास आढळतो, पण कोरलेल्या गाठी रंगाखालीही बोटाला लागतात.

मनगटाचं भोक आरपार नसतं, त्यावरून हातात काय होतं ते कळत नाही. मूळ हात सापडला आणि मुठीत आरपार भोक असलं, तरी एवढंच ठरतं की त्यात काहीतरी दांडीसारखं होतं.

अशी फसगत इतरत्रही होते. ताडाची फांदी फक्त हौतात्म्य सांगते, नाव नाही. नाव सांगतं ते चाक: तुटलेलं काटेरी चाक आणि तलवार म्हणजे संत कॅथरीन. तिच्या सणादिवशी, 25 नोव्हेंबर 1510 रोजी, पोर्तुगीज गव्हर्नर आफोंसो द आल्बुकेर्कने गोवा घेतला, म्हणून जुन्या गोव्याचं से कॅथेड्रल तिच्या नावाने आहे. लोखंडी जाळी हातात असलेला तरुण डीकन (पाद्रीच्या खालच्या पदाचा धर्मसेवक) म्हणजे संत लॉरेन्स. तोच पोशाख पण सोबत दगड असले तर स्टीफन. कुर्लीसोबत (खेकड्यासोबत) क्रूस, किंवा छातीवरचा झगा उघडून आत ज्वाळा दाखवणारा, तो आपला गोंयचो सायब, म्हणजे संत फ्रान्सिस झेवियर.

सगळ्यात जास्त चुकीची ओळख हस्तिदंती बाळ मेंढपाळाची होते. लोकरीचा अंगरखा बघून त्याला बाप्तिस्मा करणारा योहान समजतात. डोळे मिटलेले, गाल हातावर टेकलेला, पाय एकावर एक, खांद्यावर आणि मांडीवर मेंढरं, खाली डोंगराचे थर असले की तो उत्तम मेंढपाळ, म्हणजे बाळ येशूच. सर्वात खालच्या थरात आडवी होऊन पुस्तक वाचणारी मारिया माग्दालेना असली तर खात्रीच. अशा मूर्ती सतराव्या शतकात गोव्यात घडत. जुन्या गोव्याच्या सांता मोनिका मठातल्या ख्रिस्ती कला संग्रहालयात हस्तिदंती कामाचे नमुने जवळून बघता येतात.

मूर्ती ओल्या फडक्याने पुसू नका, तेल लावू नका, रंग खरवडू नका. खाली खडू किंवा जिप्सम सरसात कालवून दिलेला पातळ थर असतो, तो पाण्याने सुटतो आणि सोन्याचा वर्खही त्याच्यासोबत जातो. कोरड्या मऊ ब्रशने धूळ काढा आणि खिडकीच्या उजेडात चार फोटो घ्या: टाळू, कंबर, बाळाखालचा भाग, पाय. तेवढे इथे टाकलेत तर नाव सांगता येईल.